उत्तरं आठ की दहा? त्रिकोणमितीच्या समीकरणात उकली मोजताना होणारा बिघाड

"सर, मागं आठ दिल्यात. माझी दहा यायल्यात."

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की वही उघडायच्या आधीच चूक कुठल्या ओळीत असेल याचा अंदाज येतो. बेळगावच्या वडगावात यंत्रमाग चालतात त्या गल्लीत, माळ्यावरच्या खोलीत मी संध्याकाळी गणिताची शिकवणी घेतो. निम्मी पोरं शहरात पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी, करणारी. काही सीमेपलीकडच्या शिनोळीकडून एसटीनं येणारी, महाराष्ट्र बोर्डाची बारावी करणारी. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातून त्रिकोणमितीय समीकरणांचा उपभाग काटछाटीत गेला, त्यामुळे पीयूसीवाल्यांच्या तो अर्धामुर्धा कानावर असतो. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत तो आहे, त्यामुळे पलीकडच्यांना सूत्रं पाठ असतात. बिघाड मात्र दोघांचा एकच. समीकरण सुटतं, उत्तरं मोजताना घोळ होतो.

प्रश्नात "डिस्टिंक्ट सोल्यूशन्स", म्हणजे भिन्न उकली, असं लिहिलेलं असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या एका पोरानं ते "डिस्ट्रिक्ट सोल्यूशन्स" असं वाचलं आणि विचारलं, "सर, जिल्ह्यातली उत्तरं म्हंजे?" सगळे हसले. मला मात्र ती व्याख्या पटली. जिल्ह्याची हद्द ठरलेली असते, हद्दीतली गावं मोजायची असतात, आणि एका गावाला दोन नावं असली तरी ते एकदाच मोजायचं असतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदावर बेळगावी झालं, तोंडात बेळगाव राहिलं, जुन्या पाट्यांवर बेलगाम. म्हणून काय शिरगणती तीनदा होत नाही.

खाली क्ष म्हणजे अज्ञात कोन, न म्हणजे कुठलाही पूर्णांक, आणि कोन सगळे अंशांत. परीक्षेत पाय (π) मध्ये हवं असेल तर शेवटच्या ओळीत १८०° च्या जागी पाय घाला, पण मोजणी अंशांतच करा. ५पाय/६ आणि १०पाय/१२ एकच आहेत हे घाईत दिसत नाही. १५० आणि १५० एकच आहेत हे झोपेतही दिसतं.

लक्षणं

उत्तरं नेमकी निम्मी किंवा तिसरा हिस्सा आली असतील तर तपासणी ३ किंवा ४.

एकच उत्तर कमी किंवा एकच जास्त असेल तर तपासणी १.

उत्तर ऋण आलं असेल, म्हणजे -३०° वगैरे, तर तपासणी २.

०° आणि १८०° सारखी साधी उत्तरंच गायब असतील तर तपासणी ५.

एखादं उत्तर मूळ समीकरणात घातल्यावर जमत नसेल तर तपासणी ६.

प्रत्येक उत्तर घालून पाहिलं, प्रत्येक जमतंय, तरी संख्या जास्त येतेय, तर तपासणी ७. यात सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण वहीत चुकीचं असं काहीच दिसत नाही.

सर्वसाधारण उत्तर, म्हणजे 'न' हे अक्षर असलेलं जनरल सोल्यूशन, पुस्तकापेक्षा वेगळं दिसत असेल तर तपासणी ८. बहुतेक वेळा तो बिघाड नसतोच.

क्रम सोडू नका. पहिल्या तपासण्या फुकटच्या आहेत. शेवटच्या तपासण्यांना पानं खर्चावी लागतात.

तपासणी १: हद्द पुन्हा वाचा

वेळ दहा सेकंद. साइन क्ष = ० घ्या. ०° ≤ क्ष < ३६०° असेल तर उत्तरं दोन: ०° आणि १८०°. तेच ०° ≤ क्ष ≤ ३६०° असेल तर तीन. फरक एका आडव्या रेघेचा. पेपर काढणाऱ्याला तो माहीत असतो, म्हणूनच पर्यायांत २ आणि ३ शेजारीशेजारी बसलेले दिसतात. सीमेवरचं गाव कुठल्या हद्दीत, हा प्रश्न आम्हाला १९५६ पासून पाठ आहे, आणि तरी आमचीच पोरं इथं चुकतात.

इथं हुशार पोरं एक शंका काढतात. वर्तुळावर ०° आणि ३६०° एकाच जागी येतात, मग ती दोन उत्तरं कशी? शंका रास्त आहे. पण प्रश्न वर्तुळावरच्या जागा विचारत नाही, क्ष च्या किमती विचारतो. ० आणि ३६० या दोन वेगळ्या किमती आहेत. म्हणून माझ्या खोलीत नियम असा: शोधायचं वर्तुळावर, मोजायचं पट्टीवर. पट्टी म्हणजे वहीत आडवी रेघ, डाव्या टोकाला हद्दीची सुरुवात, उजव्या टोकाला शेवट. टोक धरायचं असेल तर भरीव ठिपका, सोडायचं असेल तर पोकळ. ही रेघ तपासणी ७ मध्ये परत लागणार आहे.

तपासणी २: मोबाइलनं काय सांगितलं?

परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, पण घरी सगळे मोबाइलवरच ताळा करतात. साइन ३० काढल्यावर ०.५ यायला हवं. -०.९८८ आलं तर मोबाइल रेडियनमध्ये आहे. बटण बदला आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उलट साइनचं बटण कायम -९०° ते ९०° मधलंच एक उत्तर देतं. उलट कॉस ०° ते १८०° मधलं, उलट टॅन -९०° आणि ९०° च्या दरम्यानचं. साइन क्ष = -१/२ ला मोबाइल -३०° म्हणेल. ही झाली प्रिन्सिपल व्हॅल्यू. प्रश्न विचारतो प्रिन्सिपल सोल्यूशन्स, म्हणजे ०° पासून ३६०° च्या आतली सगळी उत्तरं: २१०° आणि ३३०°. नावं जुळ्या भावांसारखी, काम वेगळं. मोबाइलचं उत्तर ही सुरुवात आहे, यादी नव्हे.

तपासणी ३: जोडीदार घेतला का?

बांगडी किंवा डब्याचं झाकण ठेवून वर्तुळ काढा. साइन म्हणजे बिंदूची उंची. १/२ उंचीवर आडवी रेघ ओढली की ती वर्तुळाला दोन ठिकाणी कापते, ३०° वर आणि १५०° वर. कॉस म्हणजे बिंदूचं आडवं अंतर, तिथं रेघ उभी. ती ६०° वर कापते तशी ३००° वरही. टॅन म्हणजे केंद्रातून जाणाऱ्या रेषेचा उतार, आणि रेषा वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूलाही निघते, म्हणून टॅनचा जोडीदार १८०° पुढे. थोडक्यात, एक कोन अ मिळाला की साइनला १८० - अ, कॉसला ३६० - अ, टॅनला १८० + अ.

अपवाद माथ्यावर आणि पायथ्याशी. साइन क्ष = १ मध्ये आडवी रेघ वर्तुळाला नुसती टेकते, कापत नाही. जोडीदार काढायला गेलात तर १८० - ९० = ९०, तोच परत. उत्तर एक. सूत्र यांत्रिकपणे वापरणारे इथं ९०° दोनदा लिहितात आणि दोन मोजतात.

आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये 'ज्या'चे, म्हणजे आजच्या साइनच्या तक्त्याचे, २४ फरक दिले, ३ अंश ४५ कलांच्या टप्प्यानं, आणि तो ९०° वर थांबला. पुढचं वर्तुळ सममितीनं भरून घ्यायचं असतं. मोबाइलही तसाच थांबतो. उरलेलं वर्तुळ भरणं हे तेव्हाही माणसाचं काम होतं.

तपासणी ४: आतल्या गुणकानं हद्द वाढवली का?

साइन २क्ष = १/२, हद्द ०° ≤ क्ष < ३६०°. वहीत हमखास सापडणारी नोंद: २क्ष = ३०, १५०, म्हणून क्ष = १५, ७५. दोन उत्तरं. खरी उत्तरं चार.

क्ष ३६०° पर्यंत जातो तेव्हा २क्ष ७२०° पर्यंत जातो, म्हणजे वर्तुळाला दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीतले ३९०° आणि ५१०° सुटले. ते घेतले की क्ष = १५°, ७५°, १९५°, २५५°. ३क्ष असेल तर तीन फेऱ्या. आधी हद्दीला त्याच आकड्यानं गुणा, ती नवी हद्द समीकरणाच्या डोक्यावर लिहा, मगच कोन शोधा. आधी भागून मग "३६० मिळवून बघू" म्हणणारे मधली उत्तरं गमावतात.

उलट बाजूलाही हेच. कॉस (क्ष/२) = -१/२ मध्ये आतला कोन १८०° च्या पुढे जाऊच शकत नाही. १२०° चालतो, २४०° हद्दीबाहेर. क्ष = २४०°, आणि तेवढं एकच. साइन (क्ष + ३०°) असेल तर हद्द ३०° पासून ३९०° पर्यंत सरकवा.

सीईटीच्या घाईत एवढ्या चार तपासण्या बसतात. कर्नाटकच्या सीईटीत गणिताचे ६० प्रश्न ८० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ८० सेकंद. महाराष्ट्राच्या सीईटीत ५० प्रश्न ९० मिनिटांत, थोडी उसंत जास्त. पुढच्या तपासण्या घरी इतक्यांदा करा की तिथं त्या करायची वेळच येऊ नये.

तपासणी ५: काही कापलं का?

साइन २क्ष = साइन क्ष. डावीकडे २ साइन क्ष कॉस क्ष. मग दोन्हीकडचा साइन क्ष टर्रकन कापायचा, कॉस क्ष = १/२, उत्तरं ६०° आणि ३००°. सुबक दिसतं. पण ०° आणि १८०° गेले. दोन्हीकडे शून्य येतं, समीकरण जमतं, म्हणजे ती उत्तरंच आहेत. खरी संख्या चार.

साइन क्ष नं भागताना तो शून्य नाही असं तुम्ही मनात गृहीत धरलं, आणि जिथं तो शून्य होतो तीच दोन उत्तरं होती. ज्या फांदीवर बसलात तीच तोडली. कापायच्या ऐवजी सगळं एका बाजूला आणा आणि सामाईक अवयव बाहेर काढा: साइन क्ष × (२ कॉस क्ष - १) = ०. आता दोन कंस, दोन्ही शून्य करून बघायचे. माझ्याकडे या एका चुकीसाठी लाल पेन नाही, हिरवा आहे. लाल पुरत नव्हता.

तपासणी ६: बोलावलं नाही ते कोण आलंय?

इथून पुढे प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघावं लागतं. मूळ म्हणजे पहिल्या ओळीतलं, तुम्ही बदललेलं नव्हे.

वर्ग केला असेल तर आगंतुक येतात. साइन क्ष + कॉस क्ष = १ चा वर्ग केला की साइन २क्ष = ०, त्यातून ०°, ९०°, १८०°, २७०°. आता घालून बघा. १८०° ला ० - १ = -१. २७०° ला -१ + ० = -१. दोन्ही बाद. वर्ग करताना १ आणि -१ मधला फरक पुसला गेला, म्हणून -१ ची उत्तरंही आत शिरली.

टॅन असेल तर तो कुठं अस्तित्वातच नाही ते बघा. टॅन क्ष × टॅन २क्ष = १ हे माझं आवडतं उदाहरण, कारण यात कुणी काही चुकत नाही आणि तरी उत्तर चुकतं. टॅन २क्ष = टॅन (९० - क्ष), म्हणून ३क्ष = ९० + १८०न, क्ष = ३० + ६०न. हद्दीत सहा कोन: ३०, ९०, १५०, २१०, २७०, ३३०. पण ९०° आणि २७०° ला टॅन क्ष काढताच येत नाही. उरले चार.

द्विघाती समीकरणातून साइन क्ष = २ असं काही आलं तर ते तिथंच सोडा. २ साइनवर्ग क्ष - ५ साइन क्ष + २ = ० मध्ये तसं होतं. कामाचं फक्त १/२.

आता उलटा प्रकार, जो पाहुणा नाही, हरवलेला माणूस आहे. टॅन (क्ष/२) ला ट धरून सोडवायची पद्धत काही पोरं क्लासमध्ये शिकून येतात. साइन क्ष - कॉस क्ष = १ ला ती लावली तर ट = १, क्ष = ९०°, संपलं. पण १८०° घालून बघा: ० - (-१) = १. जमतं! मग ते आलं का नाही? १८०° च्या निम्मे ९०°, आणि ९०° चा टॅन नाही, म्हणून ट ला ते उत्तर दाखवताच येत नाही. ही पद्धत वापरलीत तर १८०° वेगळं घालून बघणं सक्तीचं आहे.

तपासणी ७: एकच गाव दोनदा मोजलं का?

आता त्या आठ आणि दहावर येऊ. प्रश्न होता कॉस ५क्ष = कॉस क्ष, ०° ≤ क्ष < ३६०°.

५क्ष = ३६०न ± क्ष. वजा घेतला तर ६क्ष = ३६०न, क्ष = ६०न. अधिक घेतला तर ४क्ष = ३६०न, क्ष = ९०न. एका सूत्रातून निघालेल्या उत्तरांना मी घराणं म्हणतो. पहिल्या घराण्यात सहा: ०, ६०, १२०, १८०, २४०, ३००. दुसऱ्यात चार: ०, ९०, १८०, २७०. सहा आणि चार दहा.

घालून बघा, प्रत्येक जमतं. पोरगं म्हणणारच, पुस्तक चुकलंय. आता तपासणी १ ची पट्टी काढा. पहिल्या घराण्याचे ठिपके रेघेच्या वर, दुसऱ्याचे खाली. ० आणि १८० ला वरही ठिपका, खालीही ठिपका. गाव एक, पाट्या दोन. दहातून दोन गेले, आठ.

हे समजावताना मी बराच वेळ घेत होतो. मग मागवाल्याच्या घरातली एक मुलगी म्हणाली, "सर, एक बुट्टी साठ धाग्यांवर नि दुसरी नव्वद धाग्यांवर घातली तर दोन्ही एकदम एकशेऐंशीलाच येत्यात की." खाली माग खडखडत होताच. ६० आणि ९० चा लसावि १८०, म्हणून दर १८०° ला दोन्ही घराणी एकत्र येतात आणि ३६०° च्या हद्दीत असं दोनदा होतं. पाचवीत शिकवलेला लसावि अकरावीत असा कामी येतो, आणि हे मला तिनं शिकवलं.

पण लगेच सगळे "लसावि काढा नि वजा करा" करायला लागले, म्हणून दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर कॉस ५क्ष + कॉस क्ष = ० लिहिलं. फरक फक्त चिन्हाचा. बेरजेचा गुणाकार केला की २ कॉस ३क्ष कॉस २क्ष = ०. घराणी: क्ष = ३० + ६०न आणि क्ष = ४५ + ९०न. टप्पे तेच, ६० आणि ९०. लसावि तोच. अर्ध्या खोलीनं उत्तर आठ दिलं. पट्टी काढा: वर ३०, ९०, १५०, २१०, २७०, ३३०. खाली ४५, १३५, २२५, ३१५. एकही ठिपका समोरासमोर नाही. उत्तर दहा.

कारण दोघांची सुरुवात वेगळी आहे. ३० + ६०न = ४५ + ९०म (म हा न सारखाच दुसरा पूर्णांक) व्हायचं असेल तर ६०न - ९०म = १५ व्हायला हवं. डावी बाजू कायम ३० च्या पटीत असते, कारण ६० आणि ९० चा मसावि ३० आहे. १५ ही ३० च्या पटीत नाही. म्हणून भेट नाही. आता नियम पुरा झाला: सुरुवातींमधल्या फरकाला मसाविनं भाग जात असेल तरच घराणी भेटतात, आणि भेटली तर दर लसाविला भेटतात. भाग जात नसेल तर नुसती बेरीज करा.

कधी एक घराणं दुसऱ्याच्या पोटातच असतं. कॉस ३क्ष = कॉस २क्ष मधून क्ष = ३६०न आणि क्ष = ७२न निघतात. पहिलं आख्खं दुसऱ्यात आहे. उत्तरं पाचच: ०, ७२, १४४, २१६, २८८. सहा लिहिणाऱ्यानं ० दोनदा मोजला.

दोनदा येण्यामागे काही अर्थ आहे का, असं एखादा विचारतोच. आहे. कॉस ५क्ष - कॉस क्ष हे -२ साइन ३क्ष साइन २क्ष होतं, आणि ०° ला दोन्ही अवयव एकदम शून्य होतात. आलेखात तिथं दोन्ही वक्र एकमेकांना कापत नाहीत, माथ्याला माथा लावून टेकतात. बीजगणित त्याला दुहेरी उकल म्हणतं. भिन्न उकली विचारल्या असतील तर ती एकदाच मोजायची. (ही बेरजा-गुणाकारांची सूत्रं ज्या कोनांच्या बेरजेच्या सूत्रावर उभी आहेत ते भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलं आहे. त्यांचं गाव विज्जडवीड म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, हा वादही सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. आम्ही त्यात पडत नाही, सूत्र वापरतो.)

तपासणी ८: उत्तर वेगळं दिसतंय, पण वेगळं आहे का?

साइन क्ष = -१/२. तुमच्या वहीत आहे १८०न + (-१) चा न वा घात × २१०. पुस्तकात आहे १८०न + (-१) चा (न+१) वा घात × ३०. खोडू नका. दोन्हीत न ला ०, १, २, ३, -१ घाला आणि हद्दीतले आकडे वेगळे काढा. तुमच्याकडे २१० आणि ३३०, पुस्तकात २१० आणि ३३०. यादी एक. न ची किंमत दोन्हीकडे वेगळी पडेल, त्यानं बिघडत नाही. पाट्याच वेगळ्या.

यादी जुळली नाही तरच पुन्हा तपासणी ३ पासून सुरुवात करा.

कधी थांबायचं आणि कुणाला विचारायचं

क्ष फंक्शनच्या आतही आहे आणि बाहेरही आहे, असं दिसलं की सूत्रं खाली ठेवा. साइन क्ष = क्ष/१० (इथं क्ष रेडियनमध्येच, अंश चालणार नाहीत) याला वरच्या कुठल्याही तपासणीनं उत्तर येणार नाही. आलेख काढा. साइन १ च्या वर जात नाही, म्हणून क्ष -१० ते १० च्या आतच. उजव्या बाजूला पहिल्या उंचवट्यावर सरळ रेषा एकदा कापते, ६.२८ ते ९.४२ मधल्या उंचवट्यावर दोनदा. तीन उजवीकडे, तीन डावीकडे, एक शून्यावर: सात. किती ते कळलं, नेमकी कुठं ते सूत्रानं कळणार नाही. ते हवं असेल तर जिओजेब्रा हे आलेखाचं अ‍ॅप उघडा.

आतले गुणक १ आणि वर्गमूळ २ असे असतील तर आलेख ठरावीक अंतरानं पुन्हा तसाच येत नाही, त्यामुळे फेऱ्या मोजायची पद्धत मोडते. कॉस क्ष + कॉस (वर्गमूळ २ × क्ष) = २ ला आख्ख्या संख्यारेषेवर एकच उत्तर आहे, क्ष = ०, आणि ते का हे सांगायला वर्गमूळ २ अपरिमेय असण्यापर्यंत जावं लागतं. समीकरणात क सारखं अक्षर असून "क च्या कुठल्या किमतींना नेमक्या चार उकली" असं विचारलं असेल, किंवा साइन क्ष मध्ये त्रिघाती आलं आणि अवयव पडत नसतील, तर अर्धा तास झटून थांबा. कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांकडे जा. तो त्यांचा प्रांत आहे, आणि शिकवणीवाला म्हणून सांगतो, माझाही तो दरवेळी नसतो.

आणखी एका ठिकाणी थांबा. प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घातलं, पट्टीवर ठिपके मोजले, आलेखही तेवढेच छेद दाखवतोय, तरी पुस्तक वेगळं सांगतंय. मग तिसऱ्यांदा सोडवत बसू नका. छापील उत्तरही चुकतं. वर्गात शिक्षकांना दाखवा. सीईटीतला प्रश्न असेल तर तात्पुरत्या उत्तरसूचीवर हरकत घ्यायची मुदत असते, ती बघा.

विचारायला येताना वहीतली खाडाखोड तशीच आणा. पुसून, उतरवून, सुवाच्य केलेल्या पानावर बिघाड दिसत नाही. मोबाइलवर फोटो पाठवणार असाल तर प्रश्नाची पहिली ओळ आणि हद्द दोन्ही चौकटीत येऊ द्या. रात्री साडेदहाला येणारे बरेचसे फोटो नेमके हद्द कापून आलेले असतात. त्यांना मी एवढंच उत्तर लिहितो: जिल्हा कुठला?